मालदीवला चार रात्री: खोली नंतर, आधी बेट निवडा

प्रश्न थोडक्यात असा. पिंपळगाव बसवंतचे द्राक्ष बागायतदार जोडपे, लग्नाला पंचवीस वर्षे होत आहेत. खरड छाटणीनंतरची कामे उरकून गोडी छाटणी सुरू होईपर्यंत ऑगस्टमध्ये आठवडाभर उसंत मिळते, त्यात मालदीवला चार रात्री जायचे आहे. पाण्यावरच्या व्हिलात राहायची ताईंची फार दिवसांची हौस आहे. पोहता दोघांनाही येत नाही, घरात शाकाहार आहे आणि श्रावण पाळतात. तीन एजंटांनी तीन पॅकेजे दिली आहेत. त्यांच्या किमतीत दीड लाखाचा फरक आहे, फोटो मात्र सारखेच दिसतात. कुठले घ्यावे?

ताई, फोटो सारखे दिसतात कारण प्रत्येक रिसॉर्ट तेच तीन कोन दाखवते: वरून दिसणारी जेटी, पाण्यात सोडलेला झोका आणि तरंगत्या ताटातली न्याहारी. ह्या फोटोंवरून निवड करता येत नाही. दीड लाखाचा फरक फोटोबाहेरच्या गोष्टींचा आहे: बेट कुठे आहे, भोवतीचे पाणी कसे आहे, तिथे पोचायचे कसे आणि जेवणात काय धरले आहे. नाशिकहून इतक्या लोकांना बेटांवर पाठवल्यानंतर मी हेच सांगतो की खोलीचा प्रकार सगळ्यात शेवटी ठरवा.

मालदीव म्हणजे हिंदी महासागरातली २६ कंकणद्वीपे (इंग्रजीत ‘अ‍ॅटॉल’, म्हणजे कड्यासारखे पसरलेले प्रवाळ बेटांचे समूह) आणि त्यांत विखुरलेली सुमारे १,२०० बेटे. माले शहराजवळ १९७२ मध्ये कुरुंबा हे पहिले रिसॉर्ट सुरू झाले आणि तिथून ‘एक बेट, एक रिसॉर्ट’ ही पद्धत रुजली. तिचा परिणाम नीट समजून घ्या. आपल्या गंगापूर धरणाकडच्या रिसॉर्टवर जेवण आवडले नाही तर गाडी काढून गावात येता येते. तिथे तसे काही नाही. दहा-पंधरा मिनिटांत चालून संपणारे बेट, त्यावर एकच स्वयंपाकघर चालवणारी एकच कंपनी, आणि चारही बाजूंना समुद्र. पिण्याचे पाणीसुद्धा समुद्राचे खारे पाणी गोडे करून तिथेच तयार होते. भाजी, दूध, डिझेल, सगळे बोटीने येते. म्हणून चुकीचे बेट निवडले गेले तर चारही रात्री तिथेच काढाव्या लागतात, आणि बरोबर निवडले गेले तर साध्या खोलीतही सोने होते.

तिन्ही बेटांची नावे घ्या आणि मोबाइलवरच्या नकाशात उपग्रहाचे चित्र लावून प्रत्येक बेट वरून बघा. फिकट फिरोजी पट्टा दिसतो ती उथळ, वाळूच्या तळाची खाजण. तिला तिकडे सगळे ‘लगून’ म्हणतात. तपकिरी, ठिपक्याठिपक्यांचा पट्टा म्हणजे प्रवाळ किंवा समुद्री गवत. जिथे रंग एकदम गडद निळा होतो तिथे प्रवाळाची भिंत खाली उतरते. ही कडा किनाऱ्यापासून पंचवीस-पन्नास मीटरवर असेल तर मासे बघणाऱ्यांसाठी ते बेट उत्तम, कारण पायऱ्यांवरून उतरले की रीफ, म्हणजे प्रवाळाची भिंत, सुरू. कडा दूर असेल आणि मध्ये मोठी फिरोजी खाजण असेल तर मासे कमी, पण पाणी कमरेएवढे आणि संथ. तुम्हा दोघांना पोहता येत नाही, म्हणून तुमच्यासाठी दुसऱ्या प्रकारचे बेट योग्य. त्यातही एका बाजूला तरी प्रवाळ जवळ असलेले मिळाले तर सोन्याहून पिवळे.

त्याच चित्रात आणखी एक गोष्ट दिसते. किनाऱ्याला काटकोनात दगडांच्या रांगा किंवा पाण्यात समांतर उभा केलेला बांध दिसला, तर त्या बेटाची वाळू वाहून जाते आणि ती रोखायला बांधकाम केले आहे असे समजा. असे बेट वाईटच असते असे नाही, पण अशा किनाऱ्यासमोरचा व्हिला घेऊ नका. बुडवलेल्या दगडांमुळे पाण्यात उतरताना पायाला लागते आणि डोळ्यांसमोर निळ्या क्षितिजाऐवजी दगडांची ओळ राहते. काही नवी रिसॉर्ट खाजणीत भराव टाकून उभी केलेली आहेत. त्यांचे किनारे अगदी आखीव असतात, झाडे लहान असतात आणि सावली कमी. मला स्वतःला जुनी, नैसर्गिक, दाट झाडीची बेटे आवडतात. दुपारी बारा वाजता विषुववृत्ताजवळच्या उन्हात नारळ आणि रानटी झुडपांची सावली किती मोलाची आहे हे तिथे उभे राहिल्यावर कळते.

आता ऑगस्टबद्दल. बहुतेक एजंट म्हणतील, “पावसाळा आहे, पण काही नाही होत.” कोणी म्हणेल, “जाऊच नका.” दोन्ही उत्तरे अर्धवट आहेत. डिसेंबर ते एप्रिल हा ईशान्य मोसमी वाऱ्यांचा कोरडा काळ, आणि तेव्हाच दर सर्वात चढे. मे ते ऑक्टोबर नैऋत्य वारे, म्हणजे आपल्याकडे पाऊस आणणारेच वारे. पण इगतपुरीला पाऊस लागला की चार-चार दिवस हटत नाही, तसे तिथे सहसा होत नाही. काळा ढग येतो, अर्धा-एक तास झोडपतो आणि ऊन पडते. क्वचित दोन दिवस आभाळ भरून राहते. ही जोखीम घ्यायची तयारी असेल तर ऑगस्टमध्ये जा, कारण त्याच व्हिलाचा दर नाताळाच्या मानाने बराच खाली आलेला असतो. सगळे दिवस स्वच्छ निळे आभाळ हवेच असा हट्ट असेल तर बागेचे कॅलेंडरच बदलावे लागेल, आणि ते तुम्हाला जमणारे नाही.

ऑगस्टमध्ये पावसापेक्षा वारा महत्त्वाचा, आणि हे फारसे कोणी सांगत नाही. नैऋत्य वारे वाहतात तेव्हा बेटाच्या पश्चिम बाजूला लाटा आणि जोराचा वारा असतो, पूर्व बाजू तुलनेने शांत. ‘सनसेट व्हिला’ नावाने ज्या खोल्या जास्त पैसे घेऊन विकतात त्या पश्चिमेलाच तोंड करून असतात. जानेवारीत त्या सुंदर. ऑगस्टमध्ये तिथे अंगणातली खुर्ची जागेवर राहत नाही, पायऱ्यांवर लाटा आपटतात आणि पोहता न येणाऱ्याला पाण्यात पाय टाकवत नाही. तुम्ही पूर्वेकडचा, ‘सनराइज’ नावाचा व्हिला मागा. तो बहुधा स्वस्तही असतो. सूर्यास्त बघायला बेट ओलांडून पाच मिनिटे चालत जा, तो सर्वांसाठी एकच आहे. वाऱ्याबरोबर वाळूसुद्धा सरकते: एका मोसमात एका बाजूचा किनारा रुंद होतो, दुसऱ्या मोसमात तीच वाळू फिरून पलीकडे जमते. म्हणून जानेवारीत काढलेल्या फोटोतला रुंद किनारा ऑगस्टमध्ये त्याच खोलीसमोर असेलच असे नाही. रिसॉर्टला थेट विचारा, “ऑगस्टमध्ये कुठल्या क्रमांकाच्या व्हिलांसमोर वाळू असते?” चांगले रिसॉर्ट क्रमांकासकट उत्तर देते.

पाण्यावरच्या व्हिलाची हौस मी मोडणार नाही. रात्री दिवा बंद करून खालच्या पाण्याचा आवाज ऐकणे, सकाळी पायऱ्यांशी शार्कची लहान, निरुपद्रवी पिल्ले फिरताना दिसणे, हे दुसरीकडे मिळत नाही. पण चारही रात्री तिथे काढू नका. जेटी लांब असते; जेवायला, चहाला, प्रत्येक वेळी उघड्यावरून चालायचे किंवा बग्गी बोलवायची. पावसाच्या सरीत हे कंटाळवाणे होते. दुपारी सावली नसते. पायऱ्या थेट पाण्यात उतरतात आणि तिथली खोली भरती-ओहोटीप्रमाणे बदलते. माझा सल्ला: पहिल्या दोन रात्री किनाऱ्यावरचा व्हिला, शेवटच्या दोन पाण्यावर. पहिल्या दोन दिवसांत पाण्याची भीती मोडते, बेटाची ओळख होते, मग पाण्यावरचा आनंद मोकळेपणाने घेता येतो. सामान हलवण्याचे काम रिसॉर्टच करते. जुन्या खोलीची वेळ संपून नवी मिळेपर्यंत दोन-तीन तास अधांतरी जातात, तेवढे धरून चाला. किनाऱ्यावरच्या व्हिलाचे न्हाणीघर पुष्कळदा वरून उघडे असते. ऑगस्टमध्ये त्यातला काही भाग छपराखाली आहे ना, तेही विचारून घ्या.

पोहोचण्याचे तीन मार्ग: स्पीडबोट, सीप्लेन, किंवा देशांतर्गत विमान आणि पुढे बोट. सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारे छोटे विमान, फक्त दिवसाउजेडी उडते. तुमचे विमान मालेला दुपारी साडेतीनच्या सुमारास किंवा नंतर उतरले तर त्या दिवशी सीप्लेन मिळत नाही आणि पहिली रात्र विमानतळाजवळ हुलहुमालेत जाते, म्हणजे चारातली एक रात्र गेली. परतीचे विमान सकाळी लवकर असेल तरी तोच प्रश्न. सीप्लेनची वेळ आदल्या संध्याकाळी कळवतात, वाटेत दोन-तीन बेटांवर उतरत उतरत जाते, आणि सामान साधारण २० किलो अधिक हातातले ५ किलो. त्यावर वजनाप्रमाणे पैसे पडतात. जाऊन-येऊन माणशी साडेतीनशे ते सहाशे डॉलर हा नेहमीचा पट्टा. वरून दिसणारी कंकणद्वीपे मात्र अविस्मरणीय, हे मनापासून सांगतो. तरी चार रात्रींसाठी मी तुम्हाला मालेपासून स्पीडबोटीने अर्ध्या-पाऊण तासाच्या आतले बेट सुचवीन, उत्तर किंवा दक्षिण माले कंकणद्वीपातले. बोट रात्रीही चालते, पैसे वाचतात, आणि ते जेवणात किंवा दुसऱ्या व्हिलात घालता येतात. ऑगस्टमध्ये बोट उसळते. पुढच्या टोकाला न बसता मागच्या बाजूला बसा, आणि प्रवासात मळमळत असेल तर गोळी अर्धा तास आधी घ्या.

काही जण तुम्हाला बा कंकणद्वीपाकडे वळवतील, कारण जून ते नोव्हेंबर हा हनिफारू उपसागरात मांटा रे नावाचे महाकाय मासे जमण्याचा काळ. २०११ मध्ये युनेस्कोने त्या प्रदेशाला जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून मान्यता दिली आणि तिथे आता फक्त स्नॉर्केल (मास्क आणि नळी लावून पाण्यावर तरंगत बघणे) करता येते, डायव्हिंगला बंदी आहे. नैऋत्य मोसमात कंकणद्वीपांच्या पूर्व बाजूला प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, साचतो, म्हणून मांटा तिथे येतात. दृश्य अद्भुत आहे. पण खोल, प्रवाही पाण्यात, गर्दीत, पोहता न येणाऱ्याने उतरू नये. केवळ त्यासाठी लांबचे आणि महागडे बेट घेऊ नका.

नाशिकहून मुंबई विमानतळ हा प्रवासाचा सगळ्यात बेभरवशाचा टप्पा आहे. ऑगस्टमध्ये कसाऱ्यात धुके, पाऊस आणि ट्रकांची रांग असते. २०२५ च्या जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून घाट टाळता येतो, पण भिवंडीपुढची कोंडी तीच राहते. मालेला थेट विमान पावणेतीन-तीन तासांत पोचते. तेच घ्या. कोलंबो किंवा बेंगळुरूमार्गे दोन-चार हजार वाचवायला गेलात तर दुपार हातची जाते. सकाळच्या विमानासाठी आदल्या रात्री मुंबईत मुक्काम करणे मला अजिबात उधळपट्टी वाटत नाही.

आता जेवण. तुमच्या बाबतीत सगळ्यात मोठी बचत इथे आहे. ऑगस्टमध्ये बहुधा श्रावण असतो, आणि तुम्ही तो पाळता. ‘ऑल इन्क्लुझिव्ह’, म्हणजे सगळे खाणे-पिणे धरलेल्या, पॅकेजमध्ये जादा पैशांचा मोठा वाटा मद्याचा असतो. जे घेणार नाही त्याचे पैसे का भरायचे? तिन्ही पॅकेजांत कुठले ऑल इन्क्लुझिव्ह असेल तर त्याचा ‘फुल बोर्ड’ दर मागा, म्हणजे न्याहारी, दुपारचे आणि रात्रीचे जेवण. ‘हाफ बोर्ड’मध्ये दुपारचे जेवण नसते, आणि बेटावर एक साधा पास्ता किंवा भाजी-भात घेतला की कर धरून माणशी तीस-पस्तीस डॉलर सहज जातात. म्हणून तुमच्यासाठी फुल बोर्डच. बहुतेक मोठ्या बेटांवर भारतीय आचारी असतात आणि डाळ, भाजी, पोळी मिळते, पण ती आधी कळवावी लागते. मालदीवच्या स्वयंपाकात सुकवलेला, धुरावलेला ट्यूना मासा आपल्या हिंगासारखा सगळीकडे जातो, कधी कधी भाज्यांच्या पदार्थातही. ताट घेताना आचाऱ्याला बोलवून “मासा नाही ना?” असे स्पष्ट विचारा, लाजू नका. सोमवारचा उपवास असेल तर आठवडाभर आधी मेल करा आणि आपला साबुदाणा, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाणे सोबत ठेवा. उकडलेला बटाटा, दही, फळे आणि नारळ तिथे मिळतात.

किमतीचा हिशेब एकदा कागदावर करा. समजा, रिसॉर्टचा एका रात्रीचा दर ५०० डॉलर अधिक अधिक (++) असा लिहिलेला आहे. त्या दोन अधिक चिन्हांत १० टक्के सेवा शुल्क आणि १७ टक्के पर्यटन जीएसटी आहे (जुलै २०२५ पासून १६ चा १७ झाला). ५०० वर ५०, झाले ५५०. त्यावर १७ टक्के म्हणजे साडेत्र्याण्णव, झाले ६४३.५. शिवाय हरित कर माणशी, रात्रीचे १२ डॉलर (जानेवारी २०२५ पासून दुप्पट झाला), दोघांचे २४. म्हणजे ५०० चे ६६७.५, एक तृतीयांशाने वाढ. चार रात्रींचे २,६७०. सीप्लेन ४५० डॉलर धरले तर दोघांचे आणखी ९००. तुमच्या तीन कागदांतला दीड लाखाचा फरक बहुधा इथेच सापडेल: एकाने करांसकट लिहिले असेल, दुसऱ्याने कर आणि सीप्लेन वगळून. तिघांनाही एकच प्रश्न पाठवा, “सर्व कर, हरित कर, जाण्या-येण्याची बोट किंवा विमान आणि फुल बोर्ड धरून दोघांचे एकूण किती?” उत्तरे आली की तुलना करा.

एक गोष्ट विशेषतः बागायतदारांसाठी. परदेशी पॅकेजवर एजंट टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आगाऊ आयकर, वसूल करतो. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरले की करात वळता होतो किंवा परत मिळतो. शेतीचे उत्पन्न करमुक्त म्हणून अनेक जण विवरणपत्र भरतच नाहीत, आणि ही रक्कम तशीच सुटते. ज्याच्या पॅनवर पावती फाडाल त्याने त्या वर्षी विवरणपत्र भरायचेच. सीएला आधीच सांगून ठेवा.

पाण्याबद्दल मी आग्रही आहे. अजून वेळ आहे, दोघेही त्र्यंबक रोडवरच्या महापालिकेच्या जलतरण तलावावर महिनाभर जा. पोहायला शिकला नाहीत तरी चालेल. तोंडावर मास्क लावून, नळीने तोंडातून श्वास घेत, लाइफ जॅकेट घालून पालथे तरंगायला शिका. एवढे जमले की कमरेएवढ्या पाण्यातूनही अख्खे रंगीत जग दिसते. कडेपलीकडे, म्हणजे गडद निळ्या पाण्यावर, मार्गदर्शकाशिवाय जाऊ नका. बेटांमधल्या चिंचोळ्या मार्गांतून प्रवाह जोराचा असतो आणि प्रत्येक किनाऱ्यावर जीवरक्षक असतोच असे नाही. प्रवाळावर उभे राहू नका. तो जिवंत आहे. १९९८ आणि २०१६ मध्ये समुद्र तापून तिथला प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरा पडला, आणि जे सावरले आहे ते वर्षानुवर्षांच्या वाढीने. पायाच्या एका दाबाने ते मोडते. क्रीमऐवजी पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा घाला, कातडी वाचते आणि पाण्यात रसायनही कमी जाते. रक्तदाबाच्या गोळ्या, थेंब, पट्ट्या हातातल्या पिशवीत ठेवा. विमा घेताना रुग्णाला बेटावरून हलवण्याचा खर्च त्यात आहे की नाही ते वाचा.

कागदपत्रे सोपी आहेत. व्हिसा आधी काढावा लागत नाही, प्रवासाच्या आधीच्या ९६ तासांत आयमुगा हा ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो, तो मोफत आहे. त्याचे पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून सावध राहा. मद्य आणि डुकराचे मांस देशात नेता येत नाही. पूजेसाठीच्या मूर्ती नेण्यासही तिथल्या सीमाशुल्क नियमांत मनाई आहे, त्यामुळे श्रावणात नेमाची पूजा असली तरी देव्हाऱ्यातला बाळकृष्ण घरीच ठेवा, जप आणि पोथी मोबाइलवर असू द्या. परत येताना प्रवाळ आणि शिंपले पिशवीत घालू नका, तेही बेकायदेशीर आहे. मालेची वेळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे आहे, पण काही रिसॉर्ट उजेड जास्त मिळावा म्हणून बेटाचे घड्याळ तासभर पुढे ठेवतात. परतीच्या बोटीची वेळ ‘बेटाची की मालेची’ हे स्वागतकक्षात विचारून कागदावर लिहून घ्या.

आगाऊ रक्कम देण्यापूर्वी रिसॉर्टला थेट मेल करा, एजंट कितीही भरवशाचा असला तरी. पूर्वेकडचा व्हिला निश्चित देणार का, ऑगस्टमध्ये त्या व्हिलासमोर वाळू असते का, शेजारी बांधकाम सुरू आहे का, शाकाहारी जेवण रोज दोन वेळा काय असते, आणि दोन अधिक दोन रात्रींचा बदल करता येईल का. उत्तर दोन दिवसांत, नेमके आले तर ते बेट घ्या. नुसते “आम्ही आपल्या स्वागतास उत्सुक आहोत” असे आले तर पुढच्या बेटाकडे वळा. ऑगस्टसाठी एप्रिल-मेमध्ये बुकिंग केले तर पूर्वेकडचे व्हिला शिल्लक असतात, आणि मोफत रद्द करता येणारा दर थोडा महाग असला तरी तोच घ्या, कारण बागेत कधी काय काम निघेल ते तुम्हालाच ठाऊक. दोघांच्या पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेपासून सहा महिने पुढे आहे ना, ते आज संध्याकाळीच कपाट उघडून बघा. नसेल तर नूतनीकरणाचा अर्ज पहिला, बाकी सगळे त्यानंतर.